आईचा वेल आणि झाकणाखालची परी

या, बसा जवळ. आणि आधीच सांगून ठेवते, ही गोष्ट हसरी नाही. मधे कुणाला रडू आलं तर खुशाल रडा, मी काही बोलणार नाही. पण "पुढे काय झालं, पुढे काय झालं" म्हणून माझा पदर ओढायचा नाही. सगळं सांगणार आहे मी, माझ्या चालीनं.

वेलंबी नावाचं एक गाव होतं. गाव कसलं, चिमूटभर वस्ती! पण तिच्याभोवती पानमळेच पानमळे. विड्याची पानं जिथे पिकतात तो पानमळा. उंच, सडपातळ शेवग्याची झाडं रांगेनं उभी, आणि प्रत्येक झाडाला बिलगून वर वर चढलेला नागवेल. आत शिरलं की ऊनसुद्धा हिरवं व्हायचं. हिरवी हिरवी पानं, त्यांच्यावर इवले इवले थेंब, थेंबांत इटुकले इटुकले सूर्य, आणि सगळीकडे गार, ओला, तिखटगोड वास. मळ्यात जाताना देवळात जाताना काढतात तशा चपला बाहेर काढायच्या, ही तिथली रीत. म्हातारा असो, पोर असो, अनवाणीच आत जायचं.

त्या गावात कस्तुरा राहायची. मोठ्ठे डोळे, काटकुळे हात आणि ठिगळ लावलेला एकच परकर. धुतला की तो वाळेपर्यंत अप्पांचं धोतर गुंडाळून बसायची बिचारी. अप्पा म्हणजे तिचे वडील. दोघांची एक झोपडी होती आणि झोपडीमागे एक लहानसा पानमळा. एवढंच त्यांचं जग होतं.

आधी त्या जगात आईही होती.

आईच्या हातांना सदा पानाचा वास यायचा. कस्तुरा निजताना तिचा तळवा आपल्या नाकावर ठेवून घ्यायची, तेव्हाच तिला झोप लागायची. आई तिला मळ्यातलं सगळं शिकवायची. वेल झाडाच्या शेंड्याला पोचला की त्याची पानं बारकी पडायला लागतात. मग वर्षातून एकदा वेल उतरवायचा. हलक्या हातानं त्याला झाडावरून खाली घ्यायचा, बुंध्याशी त्याचं वेटोळं करायचं, आणि वर मऊ माती ओढायची. फक्त शेंडा तेवढा बाहेर ठेवायचा.

"आई, त्याला पुरलंस? मेला का गं तो?" छोट्या कस्तुरानं एकदा घाबरून विचारलं होतं.

"मरतोय कशाला? निजवलाय त्याला," आई हसून म्हणाली होती. "माती अंगावर घेतली की नवी मुळं फुटतात, नवा जीव येतो. बघशील तू. थोडे दिवस थांब, पाणी घालत जा, की येईल वर."

आणि खरंच तो वर यायचा. दर वर्षी यायचा.

मग एका पावसाळ्यात आईला ताप चढला. उतरलाच नाही. त्यांच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत, मातीत ठेवतात. मळ्याच्या कोपऱ्यात, पांगाऱ्याच्या झाडाजवळ आईला ठेवलं. सगळी वेलंबी रडली. एकटी कस्तुरा रडली नाही. "पोरीचं काळीज दगडाचं दिसतंय," असं कुणीकुणी कुजबुजलंसुद्धा. लोकांच्या तोंडाला काय, हात थोडाच लावता येतो!

दुसऱ्या दिवसापासून ती रोज पितळी तांब्यानं त्या मातीला पाणी घालू लागली. शेजारच्या मळ्यातली काशव्वा काकू एकदा थबकली आणि म्हणाली, "काय करतीस गं पोरी?"

"आई उगवायची आहे ना काकू," कस्तुरा म्हणाली. "सगळे जण शेंडा बाहेर ठेवायला विसरले. म्हणून उशीर होतोय."

काशव्वा काकूनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि तशीच माघारी पळाली. कस्तुराला सांगणार कोण आणि कुठल्या तोंडानं? अप्पांनाही सांगवेना. ते तर तेव्हापासून बोलेनासेच झाले होते. जेवलीस का, एवढं विचारायचे, आणि मान खाली घालून बसायचे.

आईच्या मातीशेजारच्या पांगाऱ्यावर एक वेल होता. आईनं स्वतःच्या हातानं लावलेला. सगळ्या गावात तसा दुसरा नव्हता. काळपट हिरवी, जाड, चकचकीत पानं, आणि अशी तिखट की कोपरा मोडून जिभेवर ठेवला तर मोठ्या माणसाच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी यावं. त्याला सगळे आईचा वेल म्हणायचे. त्याचं पान चुरगळलं की आईच्या हातांचा वास यायचा. कस्तुरा वाट बघत त्याच्याखाली बसायची.

त्या वर्षी पाऊस सरला तरी ढग हटले नाहीत. दिवसचे दिवस करडे, ओले, कुबट. आणि वेलंबीत मर आली.

पहिल्यांदा एका मळ्यात एका पानावर काळा ठिपका दिसला, तिळाएवढा. मग तो बोराएवढा झाला. मग वेलाचा बुडखा काळा पडला, बुळबुळीत झाला, त्याला घाण वास सुटला, आणि हिरवागार वेल उभ्याउभ्या मान टाकून लोंबायला लागला. आज एक, उद्या चार, परवा सबंध रांग. ती असते एक बुरशी, डोळ्यांना न दिसणारी, पाण्यातून आणि चिखलातून सरकत जाणारी. गावातले म्हणायचे, काळी आलीय.

कुणीतरी कुठूनसं एक विषारी निळं पाणी आणलं आणि आपल्या मळ्यात फवारलं. मेली, बुरशी थोडी मेली. पण मधमाश्याही पटापट पडल्या. पाटातली बेडकं पोट वर करून तरंगली. आणि पानांवर निळे डाग राहिले, धुतले तरी जाईनात. काशव्वा काकू कमरेवर हात ठेवून कडाडली, "अरे बाबांनो, पान हाय ते! कच्चं तोंडात जातंय! बाळंतीण खाती, म्हातारी खाती, देवाम्होरं ठेवत्यात. त्याला इख फासायचं व्हय? अक्कल कुठं गहाण ठेवलीय?" फवारणाऱ्यानं फवारा खाली ठेवला. पण मग करायचं काय, हे काकूलाही ठाऊक नव्हतं.

आता बघा हं, वेलंबीची माणसं कशी होती. कुणी आजारी पडलं की आपण समाचाराला जातो ना? तिथे वेलाच्याही समाचाराला जायचे. कुणाच्या मळ्यात काळी आली की सगळं गाव तिथे जाऊन वेलांवरून हात फिरवायचं, बुंध्याशी घटकाभर बसायचं. आणि सगळ्यांत जास्त जायची कस्तुरा. हिच्या मळ्यात जा, त्यांच्या मळ्यात जा, सुकलेल्या वेलाला पाणी घाल, "बरा हो हं, राजा," म्हणून कुरवाळ. मनानं सोन्याची होती पोर.

आणि एका तिन्हीसांजेला ती घरी आली, पांगाऱ्याखाली बसली, सहज वर बघितलं, तर आईच्या वेलाच्या एका पानावर तिळाएवढा काळा ठिपका.

तेव्हा मात्र ती रडली. आई गेल्यापासूनचं सगळं रडू तेव्हा आलं. आईच्या मातीवर डोकं ठेवून ती हुंदके देत म्हणाली, "लवकर ये ना गं आई. लवकर उगव. तुझा वेल चाललाय. मला नाही जमत एकटीला."

तेवढ्यात कुणीतरी शिंकलं. अगदी बारीक, मोहरी तडतडावी तसं.

कस्तुरानं डोळे पुसले. ठिपकेवाल्या पानाच्या देठाशी एक परी बसली होती. अंगठ्याएवढी! कोवळ्या पानांचा हिरवा पोपटी झगा, गळ्यात दवाची इवलीशी माळ, आणि दोन पंख, अभ्रकासारखे झिलमिल झिलमिल. हलले की त्यांतून सोनेरी, रुपेरी, जांभळी चमक सांडायची. पण डाव्या पंखाच्या टोकाला एक डाग होता. काळा, तिळाएवढा.

"घाबरू नकोस, कस्तुरा," परी म्हणाली. तिचा आवाज दमल्यासारखा होता. "मी गंधुली. या वेलाचा जो वास आहे ना, तो मीच. पानाचा तिखटपणाही मीच. आम्ही असतो म्हणून वेलांना सहसा काही बाधत नाही. पण यंदा दमट फार आणि काळी फार. माझ्या बहिणी सगळ्या विझल्या गं. मीच तेवढी उरले."

"तूपण मरणार?" कस्तुरानं विचारलं.

"ते राहू दे," गंधुली म्हणाली. "तू या वेलाला रोज जीव लावलास. म्हणून तुला तीन इच्छा देते. पण माझे नियम आहेत, नीट ऐक. मातीत गेलेलं मला परत आणता येत नाही. जे मागशील त्याला तुझे हात लागावे लागतील. आणि एकदा तोंडातून निघालेली इच्छा माघारी घेता येत नाही."

कस्तुरानं ऐकलं कुठे नीट! पोरच ती. तिच्या ओठांवर एकच गोष्ट कितीतरी महिने येऊन बसली होती, ती बाहेर पडली.

"माझी आई उगवू दे!"

परीनं डोळे मिटले. मग उडत उडत आली आणि कस्तुराच्या ओल्या गालाला टेकून बसली.

"बाळा," ती म्हणाली, "वेल उगवतो, कारण त्याच्या पेराशी मुळं दडलेली असतात. माणसाला अशी मुळं नसतात. तुझी आई येणार नाही. तू कितीही पाणी घातलंस तरी येणार नाही."

"शेंडा बाहेर ठेवला असता तरी?"

"तरीही नाही. कुणी काही विसरलं नव्हतं, कस्तुरा."

तिला आजवर कुणी हे सांगितलं नव्हतं बघा. सांगायला हवं होतं. मोठ्या माणसांना वाटतं, गप्प राहिलं की लेकराचं दुःख टळतं. टळत काही नाही, ते नुसतं वाट बघत बसतं. कस्तुरा तशीच बसून राहिली. शेजारी भरून ठेवलेला पितळी तांब्या तिच्या हाताचा धक्का लागून कलंडला आणि पाणी मातीत जिरून गेलं.

"ती इच्छा गेली का?" तिनं विचारलं.

"गेली. नियम म्हणजे नियम. मलाही मोडता येत नाही."

"मग आईचा वेल तरी वाचू दे," असं कस्तुरा म्हणणारच होती. पण या वेळी तिनं तोंडावर हात ठेवला. शहाणी झाली होती थोडी. "आधी मला सांग," ती म्हणाली. "काळी आमच्या मळ्यात आली कशी? आमचा मळा तर आजपर्यंत चांगला होता."

गंधुलीनं तिच्या पायांकडे बघितलं. अनवाणी, इवलेसे पाय. आणि त्यांना सगळ्या मळ्यांचा ओला चिखल.

कस्तुरानं पाय परकराखाली ओढून घेतले. "मी आणली? समाचाराला जाऊन?"

"तू एकटीनं नाही. सगळ्यांनीच इकडची तिकडे नेली. मायेनं गेलात, पण पाय न धुता गेलात. काळीला माया कळत नाही गं, तिला चिखल कळतो." गंधुलीनं तिचे केस कुरवाळले. "आता ऐक. या एका वेलाला मी वाचवू शकेन. फाटक लावून घ्या, कुणाला आत येऊ देऊ नका, ठिपक्याचं पान खुडून टाक. एवढ्यावर भागेल. पण गावातले बाकीचे वेल जातील. ते वाचवायचे तर औषध लागेल, आणि ते औषध या वेलाच्याच पानांत आहे. त्यांच्यासारखी तिखट पानं आता दुसरीकडे कुठे उरली नाहीत. थोडीथोडकी पुरणार नाहीत. सगळी लागतील."

"सगळी? म्हणजे वेल उघडा करायचा?"

"उघडा."

"मग जगेल तो?"

"मला ठाऊक नाही," परी म्हणाली. खोटं बोलली नाही, हे तिचं मोठेपण.

आता तुम्ही म्हणाल, गोष्टीतली गुणी मुलगी, लगेच हो म्हणाली असेल. मुळीच नाही! ती चिडली. पाय आपटले तिनं. "देणार नाही! आई गेली, आता वेलपण देऊ? बाकीच्यांच्या आया आहेत ना घरी? मग त्यांचे वेल गेले तर गेले!" असं म्हणून तिनं पांगाऱ्याला घट्ट मिठी मारली. परीनं तिला अडवलं नाही. इच्छा कुणाकडून हिसकून घेता येत नाही, हाही तिचा एक नियम होता.

तेवढ्यात बांधापलीकडून खोऱ्यानं माती ओढल्याचा आवाज आला. काशव्वा काकू आपला मेलेला वेल उपटत होती. एरवी तिचं तोंड केवढं! आणि आता अंधारून आलेल्या मळ्यात एकटी बसून, उपटलेली काळी मुळं मांडीवर घेऊन, मातीतल्या रिकाम्या खड्ड्याकडे टक लावून बघत होती. जणू त्यातून काहीतरी वर येणार होतं.

तसं बघणं कस्तुराला चांगलं ओळखीचं होतं. तिनं स्वतः किती दिवस तेच केलं होतं! तिची मिठी आपोआप सैल झाली.

"गंधुली," ती म्हणाली, "ही माझी दुसरी इच्छा. मला औषध करायला शिकव. सगळ्या गावापुरतं."

उजाडताच अप्पांनी वेल खुडला. कस्तुरानं रडत रडत सगळं सांगितलं होतं, परीचंसुद्धा. अप्पांनी ते खरं मानलं की नाही कोण जाणे. पण ते उठले, अंगठ्यात खुडायची लोखंडी नखी चढवली आणि एकेक पान आईच्या साडीच्या धडप्यात ठेवत गेले. पांगाऱ्यावर आता नुसता दोरीसारखा वेल उरला.

परीचं ऐकून कस्तुरा सांगत गेली, तसा काशव्वा काकूनं आपला मोठा हंडा आणला. पानं ठेचली, तुळशीची मूठ घातली, पाणी ओतलं, आणि मधोमध तिवईवर एक रिकामी वाटी ठेवली. वर झाकण उलटं घातलं, कडेनं कणकेनं लिंपलं, आणि झाकणाच्या खोलगट भागात गार पाणी भरलं.

"आता चुलीवर मंद जाळ," गंधुली कस्तुराच्या कानात पुटपुटली. ती फक्त तिलाच दिसत होती, आणि आता पार फिक्कट झाली होती. "पानांतला गंध वाफेबरोबर वर येईल, गार झाकणाला लागून थेंब होईल आणि वाटीत पडेल. तेच तुमचं औषध. पण माझा शेवटचा नियम ऐक. काहीही झालं तरी मधे झाकण उघडायचं नाही. उघडलंस की गंध उडून जाईल, आणि पुन्हा करायला पानं नाहीत."

जाळ लागला. हंड्यात पाणी खदखदू लागलं. आणि कडेच्या एका बारीकशा फटीतून वास आला.

आईच्या हातांचा वास! तोच, तसाच. निजताना नाकावर ठेवलेल्या तळव्याचा. सगळी झोपडी त्यानं भरून गेली. कस्तुराला वाटलं, आई या झाकणाखालीच आहे. अगदी एवढ्याशा अंतरावर. उघडलं की तिला पोटभर हुंगता येईल, एकदाच, शेवटचं. तिचा हात पुढे झाला. बोटं झाकणाला लागली, चटका बसला, तरी तिनं ती मागे घेतली नाहीत.

अप्पा चुलीपलीकडे बसले होते. त्यांनाही तो वास आला होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. ते बघून कस्तुरानं हात मागे घेतला. कणकेचा लहानसा गोळा घेतला, आणि ती फट आपल्या हातानं बुजवून टाकली.

वास थांबला. ती अप्पांच्या कुशीत शिरली आणि दोघं जण जाळाकडे बघत बसली.

झाकण काढलं तेव्हा वाटीत पाणी होतं, आणि पाण्यावर पिवळ्या धमक तेलाची इवली इवली नाणी तरंगत होती, चमचम चमचम. ते वाटीतलं तेल घागरीघागरीनं पाण्यात घुसळलं आणि मळ्यामळ्यात वाटलं. वेलाच्या बुंध्याला लावा, मुळाशी घाला, काळं पान खुडून जाळा. आणि प्रत्येक फाटकाशी एक घमेलं ठेवलं. त्यात तेच तिखट पाणी. पाय धुतल्याशिवाय आत जायचं नाही, आणि बाहेरही यायचं नाही. "समाचाराला या की, कोण नको म्हणतंय?" काशव्वा काकू फाटकावर उभी राहून ओरडायची. "पन आदी पाय बुडवा!"

पहिल्यांदा काहीच फरक पडला नाही. आणखी वेल गेले. लोक कुरकुरले, "पोरीच्या नादी लागून भलतंच केलं." कस्तुरा आपली रोज औषध घालत राहिली. मग हळूहळू ठिपके वाढायचे थांबले. बुडख्यांचा घाण वास गेला. जे गेले ते गेलेच, निम्मं गाव उघडं पडलं होतं. पण जे उरले ते तगले. एका सकाळी कुणाच्यातरी मळ्यात एक पोपटी कोंब दिसला, आणि पाटात एक बेडूक डरावला.

कस्तुरा धावत पांगाऱ्याशी गेली. "गंधुली! गंधुली! थांबली गं काळी!"

परी उघड्या वेलाच्या बुंध्याशी पडली होती. झगा कोमेजलेला, माळेतले थेंब सुकलेले, आणि दोन्ही पंख काळे. जेवढी पानं खुडली तेवढा तिचा उजेड गेला होता. हे तिनं आधी सांगितलंच नव्हतं.

"एक इच्छा राहिलीय तुझी," ती कशीबशी म्हणाली. "मागून घे लवकर. वेलाला पानं माग. नवा परकर माग. अप्पांचं हसू माग."

कस्तुरानं तिला ओंजळीत उचललं. पिसाएवढंही वजन नव्हतं. "तू बरी हो," ती म्हणाली. "दुसरं काही नको. तू बरी हो, गंधुली."

"बघ हं. मी बरी झाले की तुला दिसणार नाही. निरोगी वेलाचा गंध कधी कुणाला दिसतो का?"

एक मैत्रीण मिळाली होती, तीही चालली. पण तोंडातून निघालेली इच्छा माघारी घ्यायची नसते, आणि तिला ती घ्यायचीही नव्हती. "मग नको दिसूस," ती म्हणाली. "पण बरी हो."

तसा परीच्या पंखांवरचा काळा रंग भुरुभुरु गळून पडला. खालून निघालं सोनं, त्याखालून रुपं, आणि त्याखालून कोवळा कोवळा पोपटी उजेड! ओंजळ भरली, पांगारा उजळला, करड्या ढगाखालचा सगळा मळा क्षणभर झगमगला. मग तो उजेड कस्तुराच्या बोटांच्या फटींतून पाण्यासारखा गळला, आईच्या मातीवर पडला आणि आत जिरून गेला. ओंजळीत उरला नुसता तिखटगोड वास.

संध्याकाळी अप्पा पांगाऱ्याशी आले. उघड्या वेलाकडे बघत उभे राहिले आणि कितीतरी महिन्यांनी आपणहून बोलले. "पोरी, उतरवूया का ह्याला?"

"जगेल, अप्पा?"

"ठाऊक न्हाई. पन तुझी आई असती तर तिनं उतरवलाच असता."

दोघांनी मिळून वेल खाली घेतला. अप्पा बुंध्याशी वेटोळं करायला लागले, तशी कस्तुरा म्हणाली, "तिथे नको. इथे." आणि तिनं आईच्या मातीवर हात ठेवला. अप्पांनी तिच्याकडे बघितलं. मग दोघांनी वेल त्या मातीत निजवला, वर मऊ माती ओढली, आणि या वेळी कस्तुरानं स्वतः शेंडा बाहेर ठेवला.

ती पुन्हा रोज पाणी घालायला लागली. पण आता काशव्वा काकूनं विचारलं तर म्हणायची, "वेलाला घालते, काकू. आई येणार नाही. मला माहितीय." आणि काकू तिला पोटाशी धरायची.

ढग हटले. कोवळं ऊन पडलं. आणि एका सकाळी आईच्या मातीतून एक इटुकला, पिटुकला, लालसर पोपटी कोंब वर आला. त्याला एकच पान होतं, अजून मिटलेलं. कस्तुरा गुडघ्यांवर बसली. अप्पाही येऊन शेजारी बसले.

पुढच्या वर्षी त्या वेलाची लावायला तोडलेली कांडी गावातल्या प्रत्येक मळ्यात गेली, पान-तुळशीच्या औषधात बुडवून, उघड्या पडलेल्या जागी. "बघ गं," काशव्वा काकू म्हणाली, "सगळ्यांच्या मळ्यात आता तुझ्या आईचा वेल." आणि वेलंबीच्या बायकांनी मिळून कस्तुराला नवा परकर शिवला. पोपटी रंगाचा.

पण ते सगळं नंतर. त्या सकाळी तिथे फक्त तो कोंब होता. कस्तुरानं त्याचं मिटलेलं पान बोटाच्या टोकानं अलगद उलगडलं, आपलं बोट हुंगलं आणि तळवा अप्पांच्या नाकावर ठेवला.

अप्पांनी डोळे मिटून घेतले. तिचा हात त्यांनी खूप वेळ सोडला नाही.